'युद्ध म्हणजे कोण?' – चित्रपुस्तकांतून मुलांना युद्धाचा इतिहास कसा सांगता?

निशीकासाईची_आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज मदत हवी म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून तोक्योला आलो, निशीकासाईला राहतो. लेक इथल्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी तिच्या शाळेत युद्ध आणि शांतता या विषयावरचं काहीतरी वाचून दाखवतात. परवा बाईंनी 'कावाइसो ना झो' वाचलं, म्हणजे 'बिचारे हत्ती'. युकिओ त्सुचियांची ही १९५१ सालची गोष्ट आहे. माझ्या शेजारच्या आजींनाही ती जवळपास तोंडपाठ आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जॉन, टाँकी आणि वानली असे तीन हत्ती होते. तोक्योवर बॉम्ब पडतायत, पिंजरे फुटले तर प्राणी शहरात घुसतील, म्हणून त्यांना मारायचं ठरतं. विष घातलेले बटाटे जॉन ओळखतो आणि फेकून देतो. इंजेक्शनच्या सुया कातडीत शिरत नाहीत, मोडतात. शेवटी हत्तींना उपाशी ठेवतात. टाँकी आणि वानली माणूस दिसला की उठून शिकवलेल्या कसरती करून दाखवतात, कारण कसरत केली की खाऊ मिळतो एवढंच त्यांना माहीत असतं.

त्या रात्री जेवताना लेकीनं अर्धी पोळी ताटाच्या कडेला काढून ठेवली. मला वाटलं पोट भरलं असेल. ताट उचलायला गेले तर म्हणाली, "ती टाँकीची आहे." मग खुर्चीवरून उतरली, दोन्ही हात वर केले आणि एका पायावर उभी राहिली. बराच वेळ तशीच. तोल जायला लागला तरी पाय खाली टेकवेना.

"आई, त्यांना उपाशी ठेवा असं कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "बाळा, तेव्हा युद्ध होतं ना."

"पण युद्ध म्हणजे कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला जवळ घेतलं आणि झोपवलं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. तुम्ही मुलांना अशी पुस्तकं वाचून दाखवता का? कोणत्या वयात? आणि वाचल्यावर पुढे काय करता?

साधा_वाचक

ताई, वाचून पोटात कालवलं. मी माझा अनुभव सांगतो, तो पुस्तकांच्या विरोधात जाणारा आहे.

मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला तोशी मारुकी यांचं हिरोशिमावरचं चित्रपुस्तक इंग्रजीतून वाचून दाखवलं होतं. सात वर्षांची मी-चान, बॉम्ब पडला तेव्हा ती आईबाबांबरोबर न्याहारी करत होती. पुढे आई जखमी वडिलांना पाठीवर घेऊन पळते. पुस्तक मोठं आहे यात वाद नाही. पण त्यातली लाल-काळी आग, अंगावर कपडे न उरलेली माणसं, ही चित्रं मी आधी नीट चाळली नव्हती. मुखपृष्ठ पाहून आणलं आणि रात्री झोपताना वाचायला घेतलं. त्यानंतर दोन-तीन महिने विमानाचा आवाज आला की तो माझ्या कुशीत यायचा. आम्ही लोहगावजवळ राहतो, विमानं दिवसभर जातात.

मोठ्यांना बोलायचं असतं म्हणून आपण मुलांवर हे लादतो असं मला आता वाटतं. सातव्या वर्षी जगावर विश्वास बसू द्यावा. इतिहास दहाव्या वर्षीही शिकता येतो.

चित्रवेडी

@साधा_वाचक, तुमच्या मुलाची भीती खरी आहे आणि तुम्ही ती मोकळेपणानं लिहिलीत हे बरं झालं. पण त्याच पुस्तकात एक गोष्ट आहे ती तुमच्या लक्षात राहिली का? मी-चानच्या हातातल्या चॉपस्टिक्स. न्याहारीच्या वेळी हातात होत्या त्या. शहर जळलं, नदी ओलांडली, दिवस गेले, तरी तिची मूठ उघडत नाही. मी मुलांसाठी चित्रं काढते, म्हणून सांगते, मूल ते पान विसरत नाही. आग त्याला घाबरवते, पण ती मूठ त्याला कळते. कारण शाळेच्या पहिल्या दिवशी त्यानंही आईची ओढणी तशीच धरलेली असते.

वयाबद्दल तुमचं बरोबर आहे. ते पुस्तक सहा वर्षांच्या मुलाचं नाही. आणि झोपताना तर नाहीच.

जुना_कागद

धागाकर्तीताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नाला उत्तर आहे. नावासकट आहे.

हुकूम शिगेओ ओदाची यांनी दिला. १ जुलै १९४३ रोजी ते तोक्योचे गव्हर्नर झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी प्राणिसंग्रहालयातले धोकादायक प्राणी मारायला सांगितलं. आता तारखा नीट पाहा, सगळी गोष्ट तिथं आहे. जॉन गेला २९ ऑगस्ट १९४३ ला. वानली ११ सप्टेंबरला. टाँकी २३ सप्टेंबरला. आणि तोक्योवर सातत्यानं बॉम्बहल्ले सुरू झाले नोव्हेंबर १९४४ मध्ये. त्याआधी झालेला हल्ला एकच, एप्रिल १९४२ चा, अमेरिकेच्या डूलिटलच्या विमानांचा.

म्हणजे पुस्तकात हत्तींच्या डोक्यावर बॉम्ब पडत असतात आणि प्रत्यक्षात ते उपाशी मरत होते तेव्हा आकाश मोकळं होतं. पिंजरा फुटायची वेळच आलेली नव्हती. सेंदाई शहराच्या प्राणिसंग्रहालयात हत्ती हलवायची बोलणीही झाली होती, ती ओदाचींनी थांबवली. हे गव्हर्नर होण्याआधी ते जपानच्या ताब्यातल्या सिंगापूरचे महापौर होते. युद्ध आपल्यावर उलटतंय हे त्यांनी तिथून पाहिलं होतं. तोक्योच्या लोकांना मात्र अजून विजयाच्याच बातम्या मिळत होत्या. प्राणी मारले की लोकांना परिस्थिती किती गंभीर आहे ते कळेल, असा तो विचार होता.

यातली सगळ्यात जड गोष्ट ही की ४ सप्टेंबर १९४३ ला मारलेल्या प्राण्यांसाठी जाहीर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. प्रार्थना झाल्या, शाळेतली मुलं आली. त्या वेळी टाँकी आणि वानली तिथंच, आत, जिवंत होते.

ती गोष्ट मी वाईट मानत नाही. पण त्यात युद्ध पावसासारखं वरून पडतं आणि खाली सगळेच बिचारे असतात. हत्ती बिचारे, माहूत बिचारे, शहर बिचारं. तुमच्या लेकीनं नेमकं तिथंच बोट ठेवलंय. 'युद्ध म्हणजे कोण?' हा प्रश्न त्या पुस्तकापेक्षा मोठा आहे.

भायखळाकर

+१. सातवीत माझ्या इतिहासाच्या पेपरात असा एक प्रश्न असता तर मी इतिहास आवडीनं शिकलो असतो.

सातारी_बाज

जुना_कागद, सिंगापूरचा उल्लेख केलात म्हणून लिहितो.

आमचे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये सांगशाकला होते, मणिपूरच्या डोंगरात. समोर जपानी फौज. पाण्याचे हाल, वेढा, आणि शेवटी रात्रीच्या अंधारात जंगलातून बाहेर निघायचा हुकूम. आजोबा परत आले. जपान हा शब्द घरात कुणी काढला की ते उठून गोठ्यात जायचे. एवढंच आम्हांला माहीत. बाकी त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

म्हणून मला प्रश्न पडतो, की जपानची मुलं हत्तींसाठी रडतात, हिरोशिमासाठी रडतात, ते योग्यच आहे. पण जपानची फौज नानकिंगला काय करत होती, ब्रह्मदेशात, सिंगापुरात काय करत होती, त्याचं चित्रपुस्तक त्यांच्या हातात कोण देणार? ताई, तुमच्या लेकीचे पणजोबाही कदाचित त्याच लढाईत असतील. तिला अर्धीच बाजू कळू नये एवढंच म्हणणं.

चित्रवेडी

@सातारी_बाज, म्हणणं मनापासून पटलं. आणि यावर मला त्याच तोशी मारुकींबद्दल सांगायचंय.

त्या आणि त्यांचे पती इरी मारुकी, दोघंही चित्रकार. बॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच दोघं हिरोशिमाला गेले आणि पुढची तीसहून अधिक वर्षं त्याची मोठमोठी चित्रं काढत राहिले. पण १९७१ साली त्यांनी हिरोशिमात मारल्या गेलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांचं चित्र काढलं. १९७२ मध्ये तिथंच मेलेल्या कोरियन लोकांचं काढलं, ज्यांची प्रेतं सगळ्यांत शेवटी उचलली गेली. १९७५ मध्ये नानकिंगच्या कत्तलीचं काढलं. आपल्या माणसांचं दुःख काढता काढता आपल्या माणसांनी दिलेलं दुःखही काढायला त्या दोघांचा हात थांबला नाही. मी-चानचं पुस्तक १९८० चं, या सगळ्यानंतरचं. त्यातला प्रत्येक फटकारा त्या हाताचा आहे.

आता उलट बाजू. चित्र स्वतः काही शांततेच्या बाजूनं नसतं. जपानात कामिशिबाई नावाचा प्रकार आहे. सायकलवर लाकडी चौकट, तिच्यात एकामागून एक सरकवायची चित्रं, मुलांना गोळ्या विकत गोष्ट सांगणारा माणूस. युद्धाच्या काळात सरकारनं तीच चौकट हाताशी धरली. बचत करा, देशासाठी द्या, सैन्यात जा. मुलं तशीच गोळा व्हायची, तितक्याच विश्वासानं बघायची.

आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एका आख्यानाची सुटी चित्रं म्हणजे एक पोथी. कलाकार एकेक चित्र पुढे धरतो, वीणा-टाळ-हुडूक वाजतात, गाणं चालू असतं. मी एकदा तिथं युद्धाचा प्रसंग पाहिला. बाण लागलेल्या योद्ध्याचा डोळा एवढा मोठा काढलेला होता की माझ्या शेजारी बसलेली छोटी मुलगी त्या डोळ्याकडेच बघत राहिली. कोण जिंकलं ते तिला नंतर सांगता आलं नाही.

आणि आपण आपल्या मुलांना युद्ध सांगतच नाही असं कुठंय? दिवाळीचा किल्ला करतो. चिकणमाती, आळीव पेरलेलं, मावळे मांडलेले, एक तोफ. मला ते फार प्रिय आहे, अजून करते. पण तिथं कोणी मेलेला नसतो, कोणाची आई घरी वाट बघत नसते. आमच्या भाचीनं गेल्या वर्षी किल्ल्याच्या पायथ्याशी एक घर केलं आणि दारात एक बाहुली उभी केली. "ही मावळ्याची आई, तो अजून आला नाही." कुणी शिकवलं नव्हतं.

खडू_फळा

उशीर झाला, शाळेच्या कामात होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. बारा वर्षांत जे जमलं आणि जे फसलं ते लिहितो.

हिरोशिमातल्या सदाको सासाकीची गोष्ट मी दरवर्षी ऑगस्टमध्ये घेतो. हिंदीत अरविंद गुप्तांनी ती केलेली आहे, मी मुलांना मराठीत सांगत जातो. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची. अकराव्या वर्षापर्यंत धावण्याच्या शर्यतीत पुढे. मग रक्ताचा कर्करोग, दवाखाना, कागदाचे करकोचे. असे हजार करकोचे केले की इच्छा पुरी होते म्हणतात. २५ ऑक्टोबर १९५५ ला ती गेली, बारा वर्षांची होऊन.

एलेनॉर कोअर यांच्या ज्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर गेली त्यात सदाकोचे ६४४ करकोचे होतात आणि बाकीचे तिच्या वर्गातली मुलं पूर्ण करतात. मीही बरीच वर्षं तसंच सांगत होतो. नंतर हिरोशिमाच्या संग्रहालयाची माहिती वाचनात आली. खरी सदाको ऑगस्ट संपता संपता हजारावर गेली होती. त्यानंतरही ती घड्या घालतच राहिली. औषधांचे कागद, मिळेल तो कागद, सुईनं घडी दाबावी लागेल इतके बारीक करकोचे.

हे कळल्यावर मला मोठा पेच पडला. ६४४ वर गोष्ट थांबली की मुलाला एक आधार राहतो, की हजार झाले असते तर बहुतेक वाचली असती. खरी गोष्ट तो आधार काढून घेते. हजार झाले आणि तरी ती गेली. नऊ वर्षांच्या मुलांना हे सांगायचं की नाही?

मी सांगायचं ठरवलं. आधी पुस्तकातली गोष्ट सांगितली. आठवडाभर आम्ही जुन्या वह्यांच्या पानांचे करकोचे केले. मग शनिवारी खरं सांगितलं. वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा हात कधी वर होत नाही, तो म्हणाला, "गुरुजी, मग नंतरचे ती कुणासाठी करत होती?"

मी उत्तर दिलं नाही, फळ्यावर त्याचा प्रश्न लिहिला. तो सोमवारपर्यंत पुसला नाही. मुलांनी घरी विचारलं, आजीला विचारलं. कोणी म्हणालं शेजारच्या खाटेवरच्या मुलीसाठी, कोणी म्हणालं हाताला सवय झाली होती, कोणी म्हणालं आईला दिसावं म्हणून. यातलं कुठलंही उत्तर मी चूक म्हणालो नाही.

आता काही कामाच्या गोष्टी. @साधा_वाचक, तुमच्यासारखी चूक मीही केली होती, चित्रं आधी न पाहता वर्गात पुस्तक उघडलं. आता पुस्तक किमान दोनदा एकट्यानं वाचतो, एकदा फक्त चित्रं, एकदा शब्दांसकट. वर्गात पहिल्यांदा उघडताना वाचतच नाही. चित्रात काय दिसतंय एवढंच विचारतो. मुलं जे आपणहून बघतात तेवढं त्यांना पेलतं, असा माझा अनुभव आहे. एखादं मूल खाली बघायला लागलं की पान उलटतो, थांबत नाही. तास संपायच्या आत गोष्ट संपवतो आणि उरलेला वेळ मोकळा ठेवतो. गोष्ट संपली आणि घंटा झाली असं कधीही होऊ देत नाही. आणि 'यातून आपण काय शिकलो?' हे विचारणं मी सोडून दिलं. ते विचारलं की मुलं गुरुजींना हवं ते उत्तर देतात.

सहा-सात वर्षांच्या मुलांना मी हिरोशिमा सांगत नाही. त्या वयात ज्यात कोणीतरी कोणालातरी घरात घेतलं अशी गोष्ट सांगतो. ती युद्धाचीच असते, पण तिचं दार आतून उघडतं.

पंचगंगाकाठ

गुरुजी, तशीच गोष्ट आमच्या गावाशेजारी आहे!

कोल्हापूरजवळ वळीवडे. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. जवळपास पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं पूर्व पोलंड घेतल्यावर यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती माणसं आपल्याकडे आली. वळीवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. गुजरातेत बालाचडीला जामनगरच्या दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आसरा दिला होता, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. वळीवडे आपल्याच लोकांना माहीत नसतं. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. मी लहानपणी त्याच्याभोवती पकडापकडी खेळलोय, कशाचा आहे ते कुणी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मुद्दाम गेलो. तिला सांगितलं, तुझ्याएवढी मुलं बर्फातून, वाळवंटातून, बोटीतून इथं आली आणि पाच वर्षं राहिली. तिनं विचारलं, त्यांना आपलं तिखट चालायचं का? मग, त्यांचे बाबा कुठे होते? पहिल्या प्रश्नावर हसलो, दुसऱ्यावर खाली बसून सांगावं लागलं. बरेच बाबा सैन्यात होते, काही कधीच सापडले नाहीत.

याचं एक छान मराठी चित्रपुस्तक व्हावं अशी फार इच्छा आहे. @चित्रवेडी, तुम्ही कोल्हापूरला आलात तर मी तुम्हांला सगळं फिरवून दाखवेन, अगदी मनापासून.

चित्रवेडी

@पंचगंगाकाठ, येते. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

साधा_वाचक

गुरुजी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी 'पुस्तकच नको' म्हणत होतो, ते आता 'तसं नको' एवढ्यावर आलंय. तरी एक गोष्ट धरून राहतो. मूल 'पुरे' म्हणालं की पुरे. त्याला धाडसी बनवायला म्हणून कोणी ही पुस्तकं वापरू नयेत.

एक आठवलं. आमच्याकडे 'तोत्तोचान' आहे, चेतना सरदेशमुख-गोसावींनी केलेला मराठी अनुवाद. मुलानं ते तीनदा वाचलंय आणि हसत वाचलंय. आगगाडीच्या डब्यातली शाळा, जेवणाच्या डब्यातलं 'थोडं डोंगरावरचं, थोडं समुद्रातलं'. तेही युद्धाचंच पुस्तक आहे हे माझ्या आज लक्षात आलं. शेवटी ती शाळा बॉम्बहल्ल्यात जळते. आपण सगळ्यांनी ते शाळेचं पुस्तक म्हणून वाचलं.

भायखळाकर

परदेशातली पुस्तकं मिळाली नाहीत तरी घरात गोष्टी असतात, त्या सांगायला आलो.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाईन' बोट लागली होती. पोटात दारूगोळा, वर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटासुद्धा. कापसाला आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास बोट फुटली, अर्ध्या तासानं पुन्हा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्यासाठीच १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. सोन्याची एक वीट तर लांबवर एका घराचं छप्पर फोडून आत पडली.

माझी आजी तेव्हा दहा वर्षांची, भायखळ्याच्या चाळीत. तिला सोनं-बिनं आठवत नव्हतं. तिला आठवायचं ते हे, की मांडणीवरची सगळी पितळी भांडी एकदम खाली आली आणि खिडकीतून जळका कापूस आत यायला लागला. तरंगत, हळूहळू. आधी तिला वाटलं सावरीची म्हातारी आहे, म्हणून ती पकडायला गेली. तळहातावर भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता.

पुतणीनं त्याचं पुस्तक केलं. सहा पानं, क्रेयॉनमधलं. एका पानावर नुसती भांडी पडतायत. एका पानावर नुसता हात. आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी तिला ते दाखवलं. तिनं हाताचं पान बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, डाग डाव्या हातावर काढ, उजव्यावर नाही. पुतणीनं ते पान पुन्हा काढलं.

मैसूरची_सून

या धाग्यावर कुणी इंदिराचं सांगितलं नाही म्हणून मी सांगते. माहेर सांगली, सासर मैसूर. :)

युद्धानंतर उएनोत एकही हत्ती उरला नव्हता. जपानात हत्ती वाचले ते नागोयाच्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयात, दोन. तोक्योच्या मुलांनी त्यातला एक मागितला, पण हत्तींना एकमेकांपासून वेगळं करणं जमेना. तेव्हा मुलांना हत्ती दाखवायला नागोयाला नेणाऱ्या खास आगगाड्या सोडल्या, १९४९ साली. शेवटी तोक्योच्या मुलांनी थेट पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हांला एक हत्ती द्या. नेहरूंनी मैसूरकडची एक हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या मुलीचं नाव दिलं. सप्टेंबर १९४९ मध्ये इंदिरा उएनोला पोचली. १९८३ पर्यंत ती तिथं होती.

ताई, ज्या जागेवर टाँकी नि वानली उपाशी राहिले, त्याच प्राणिसंग्रहालयात आपल्याकडची हत्तीण चौतीस वर्षं मुलांना बघत उभी होती. हे लेकीला नक्की सांगा.

सातारी_बाज

हे माहीत नव्हतं. चारच वर्षांपूर्वीपर्यंत शत्रू होते आणि त्यांच्या पोरांना हत्ती पाठवला. आजोबा तेव्हा हयात होते. कुणी त्यांना हे सांगितलं असेल का, असं वाटून गेलं. बाबांना आज रात्री फोन करून विचारतो. आणि आजोबांच्या पलटणीबद्दल त्यांना जेवढं आठवतंय तेवढं वहीत उतरवून घेतो.

जुना_कागद

@सातारी_बाज, जरूर घ्या. जमलं तर तारखेसकट आणि ज्याचं नाव आठवेल त्याच्या नावासकट.

निशीकासाईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय, कारण रविवारी आम्ही उएनोला जाऊन आलो.

जुना_कागद, तुम्ही लिहिलेलं मी आधी नवऱ्याला वाचून दाखवलं आणि मग आम्ही दोघांनी मिळून लेकीला सांगितलं. गुरुजी, तुम्ही म्हणता तसं सकाळी, भरल्या पोटी, आणि पुढचा सगळा दिवस मोकळा ठेवून. मी म्हटलं, तू विचारलंस ना कोणी सांगितलं, तर एका माणसानं सांगितलं. त्याचं नाव होतं. तो शहराचा मोठा अधिकारी होता. आणि तेव्हा अजून बॉम्ब पडत नव्हते.

तिनं पहिल्यांदा विचारलं, "मग बाईंचं पुस्तक खोटं आहे?" मी म्हटलं, हत्तींचं उपाशी राहणं खरं आहे. ते कशामुळे, ते पुस्तकात नीट नाही. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला कोणी नाही म्हणालं नाही का?" मी तिला सेंदाईचं सांगितलं, की काही लोकांनी हत्ती दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला होता. ते तिला महत्त्वाचं वाटलं. दोनदा सांगायला लावलं. तिच्या बाईंनाही मी हे सांगितलं. त्यांनी तारखा वहीत लिहून घेतल्या आणि पुढच्या वर्षी वाचताना हेही सांगेन म्हणाल्या.

प्राणिसंग्रहालयात मेलेल्या प्राण्यांसाठी एक स्मारक आहे. लेकीनं घरून डब्यात अर्धी पोळी आणली होती. तिथं खाणं ठेवता येत नाही हे सांगितल्यावर तिनं ती स्वतःच खाल्ली, स्मारकाकडे तोंड करून, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

सातारी_बाज, तुमच्या आजोबांचंही तिला सांगितलं, जपानी फौज मणिपूरला आली होती तेवढंच. बाकीचं थोडी मोठी झाल्यावर सांगेन, पण सांगेन.

येताना गाडीत मैसूरच्या इंदिराची गोष्ट सांगत होते. लेक खिडकीला टेकून ऐकत होती. आम्ही इथं आलो तेव्हा ती बालवाडीत होती, पहिले तीन महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती. निशीकासाई यायच्या एक स्टेशन आधी तिनं माझी बाही ओढली.

"आई, इंदिरा आली तेव्हा तिला जपानी कळत होतं का?"